तहानकऱ्यांची माई

रविवारी दुपारी मसोलीत कोणी कोणाचं दार वाजवत नाही. जेवणं झालेली असतात, पंखे फुल्ल सोडलेले असतात, आणि चिकूच्या वाड्यांतून येणारा वारासुद्धा डुलक्या घेत येतो. नेमक्या त्या वेळी वासुदेवकाकांच्या मधल्या खोलीच्या खिडक्या बंद व्हायच्या, पडदे ओढले जायचे, आणि आत रात्र व्हायची. रेल्वेतून निवृत्त झालेले काका ओटीवरच्या झोपाळ्यावर तोंडावर पेपर घेऊन घोरत, मनोरमाकाकू आत लवंडलेल्या असत, आणि त्यांचा इंजिनिअर मुलगा देवेश चटईवर मांडी घालून अख्ख्या डहाणू तालुक्यावर अंधार पाडत असे.

हा खेळ त्याने पुण्याच्या होस्टेलातून आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि ‘आता तू काय करतेस?’ असं विचारलं की आपल्या माणसाने जे केलं असतं ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. फासे पहिल्याच महिन्यात काकूंच्या मांजरीने कुठे नेले देव जाणे. त्यांच्या जागी अर्धे फोडलेले चिंचोके आले. मुठीत खुळखुळवून टाकायचे. पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे जास्त पडले तर बोंबला. देवेश ते काकूंच्या सुपाआड टाकायचा. सूप उभं करून ठेवलेलं, त्यामागे काय पडलं ते त्याला एकट्याला दिसायचं, आणि तो सांगेल ते खरं. इतक्या स्वस्तात देवपण दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल.

गोष्टीतल्या डहाणूत रक्त पिऊन जगणाऱ्या अमर लोकांचा एक छुपा समाज होता. काळे झगे घालून वटवाघळं होणारे नव्हेत. आपल्यातलेच, आपल्यासारखेच कुरकुरे, फक्त दिवसा कधी न दिसणारे. त्यांची एक काळोखी पंचायत होती, पंचायतीत तट होते, आणि तटांतटांत शंभर शंभर वर्षांची भांडणं होती. तहसील कचेरीत क्लार्क असलेली रश्मी त्या पंचायतीची शेठाणी. किल्ल्यात राहायची, आणि दयामाया तिला कशाशी खातात ते माहीत नव्हतं. चिंचणीचा मनिष एरवी तारापूरच्या कंपनीत शिफ्ट करायचा. गोष्टीत तो एका भुताळी ट्रॉलरचा तांडेल होता, इतका कंजूष की स्वतःच्या खलाशांनाही घोटभर रक्त देताना त्याच्या जिवावर यायचं.

आणि चौथी संगिता. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायची आणि रविवारी टमटम धरून यायची. वारली पाड्यावरची मुलगी, बोलायला मऊ, हसताना तोंडावर हात धरणारी. गोष्टीत मात्र ती जमनामाई होती, तहानकऱ्यांची माई, आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

तहानकरी हा त्या समाजातला धर्मवेडा पंथ. देवेशने तो सुरुवातीला एका वाक्यात उरकला होता: ‘हे देवाधर्माचे लोक, सगळ्यांच्या डोक्याला ताप.’ त्या वाक्यात जीव ओतला तो संगिताने. तिच्या जमनामाईने सांगितलं, की आपल्यातला पहिला हा एक ताडी काढणारा होता. ताडाच्या शेंड्यावर बसून त्याने संध्याकाळ पाहिली आणि म्हणाला, मला हे कायम बघू दे. देवाने बघू दिलं, फक्त सकाळ काढून घेतली. आणि हा कुठे भरकटू नये म्हणून त्याच्या गळ्यात तहान बांधली, गुराच्या गळ्यात दावं बांधतात तशी. तेव्हा तहान ही शिक्षा नव्हे. दोरीचं एक टोक आपल्या गळ्यात, दुसरं देवाच्या हातात. बाकीचे तट तहानेला लाजतात, तहानकरी तिला पुजतात. पिण्याआधी पहिला थेंब ते जमिनीवर सांडतात. संगिताच्या घरी ताडीचा पहिला थेंब धरतरीला सांडत. त्यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणखी एक, कीव करून दिलेलं रक्त तहानकरी पीत नाहीत. मरतील, पण पिणार नाहीत. हा नियम तिने एका दुपारी इतक्या तडकाफडकी सांगितला, की सुपाआडच्या देवानेही तो निमूट मान्य केला.

तो नियम कुठून आला ते त्या तिघांना ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. चटईवरच्या त्या मंडळींत दुसऱ्याच्या रक्तावर खरोखर जगणारी एकटी तीच होती. संगिताला जन्मापासून सिकल सेल हा रक्ताचा आजार होता. गोळ्या रोजच्याच; पण मधूनच हाडांत कळा उठत, अंगातलं रक्त उतरत जाई, आणि मग दवाखान्यात पडून कोणाचं तरी रक्त चढवून घ्यावं लागे. हे पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, शाळेतही माहीत होतं. तिथे तिला कोणी पाण्याची कळशी उचलू देत नसे. मुलंसुद्धा तिच्या तासाला बेताने दंगा करत. जगात एकच खोली अशी होती, जिथे तिला कोणी जपत नव्हतं. तिथे शेठाणी तिला जाळायला टपलेली होती, तांडेल तिला उघड उघड फसवत होता, आणि तिला त्यात जो आनंद होता तो सांगून कोणाला पटला नसता. ती खोली तिला गमवायची नव्हती. म्हणून दुखणं आलं की ती फोन करायची, ‘ह्या रविवारी नाही जमणार, घरी देवाचं आहे.’

‘तुझ्या घरी देव आहेत तरी किती गं?’ मनिष विचारायचा.

‘मोजते आणि सांगते.’

दोन वर्षं अशी गेली. कशी गेली म्हणाल तर सांगता येणार नाही; बंद खिडक्यांच्या आत दिवस मोजायची सोय नसते. नरपडला ओहोटी लागली की समुद्र मागे मागे जातो, इतका की आता हा काही परत येत नाही असं वाटतं. त्या ओल्या, चकाकत्या वाळूवर जमनामाई आपल्या तहानकऱ्यांना घेऊन जायची. सुरूच्या बनातून ते एकेक करून येत. पायांचा आवाज नाही, बोलणं नाही. दूर वीजकेंद्राच्या चिमणीवरचा तांबडा दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. माई ओल्या वाळूत बसून तहानेचं गाणं म्हणायची. शब्द संगिताचे, चाल पाड्यावर वाजणाऱ्या तारप्याची. ती म्हणायला लागली की देवेश गोष्ट सांगायचा थांबे. रश्मीचं डोकं भिंतीला टेके, मनिषचे डोळे मिटत. बाहेर काकांचं घोरणं लाटेसारखं चढे आणि उतरे. आपण चटईवर आहोत की वाळूवर, जागे आहोत की झोपलोय, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता आलं नसतं. मग कुठून तरी लांबून देवेशचा आवाज येई, ‘माई, पाणी परत यायला लागलं. आता काय करतेस?’

आणि २०१८च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी लोक म्हणाले, कुठे तरी सुरुंग लावत असतील. मग म्हणाले, जड ट्रक गेला असेल. मग तलासरीपासून डहाणूपर्यंत शेंबड्या पोरालाही कळायला लागलं की हे काय आहे ते. भांडी वाजत, कुत्री गप्प होत, आणि माणसं अंगणात येऊन एकमेकांकडे बघत उभी राहत. आश्रमशाळेचे वर्ग आंब्याखाली भरू लागले, निजणं तंबूत. मनोरमाकाकूंनी फर्मान काढलं, की छपराखाली बसून काय ती भुतं खेळायची नाहीत. चटई अंगणातल्या चिकूखाली आली. भर उन्हात रात्र पाडायची म्हणजे देवेशचा घसा सुकायचा, पण पाडायचा बिचारा.

तंबूतली थंडी संगिताला बाधली. ह्या दुखण्याला थंडी म्हणजे आमंत्रणच. जानेवारीत एका पहाटे ती उठूच शकली नाही. तिचा थोरला भाऊ लाहू तिला दवाखान्यात घेऊन आला. रक्ताची एक पिशवी मिळाली, पण रक्तपेढीत साठा आटत आला होता. कोणी देणारे असतील तर आणा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. लाहूने बहिणीचा मोबाइल उघडला आणि ज्या नावावर सगळ्यात जास्त फोन गेले होते ते दाबलं.

‘देवेश काय? मी संगिताचा भाव बोलतो. तिला रगत लागते. तुमच्याकडं कोनी देनारा हाय का?’

तिघेही धावत आले. देवेशने दिलं. रश्मीने दिलं. चिंचणीच्या दर्याचा काळ असलेला तांडेल सुई बघूनच आडवा झाला. त्याला लिंबूसरबत पाजून उठवलं, आणि उठल्यावर हट्टाने त्यानेही दिलं.

संगिता तेव्हा कुठे तरी खोल होती. ती नरपडच्या वाळूवर चालत होती आणि पाणी दिसतच नव्हतं. वर एक ताड होता, त्याला एक लाल गाडगं उलटं टांगलेलं, आणि त्यातून थेंब थेंब तिच्या हातात उतरत होता. ऊब वाटत होती. कोणी तरी तिला हाका मारत होतं, माई म्हणून नव्हे, संगिता म्हणून, आणि तिला वाटत होतं, यांना हे नाव कोणी सांगितलं? मग तिने डोळे उघडले. गाडग्याच्या जागी पिशवी होती, आणि पिशवीखाली तीन चेहरे.

तिन्ही चेहऱ्यांवर तेच होतं, जे शाळेत मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर असायचं, जे पाड्यावर प्रत्येक दारात असायचं. संगिताला इतकं वाईट वाटलं, की हाडांतल्या कळा त्यापुढे काहीच नव्हत्या.

‘सांगायचं नाही का गं आम्हाला?’ रश्मीने तिच्या केसांवरून हात फिरवला. दोन वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं.

‘देवाचं होतं,’ संगिता म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

बरी होऊन ती परत खेळायला आली, आणि जे होणार याची तिला धास्ती होती ते सगळं तिच्याआधी येऊन चटईवर बसलं होतं. काकूंनी तिच्यासाठी निराळी उशी आणि बीटाच्या रसाचा पेला ठेवला होता. ह्या दुखण्याला बीट लागू नाही हे तिला माहीत होतं, पण काकूंना कोण सांगणार. तिने तो मुकाट्याने प्यायला. खेळ सुरू झाला तर कंजूष तांडेल उठून म्हणाला, ‘माई, आधी तुम्ही घ्या.’ तहानकऱ्यांचा निर्वंश करायला दोन वर्षं टपलेल्या शेठाणीने त्यांना किल्ल्याच्या मागच्या दाराशी देवघर बांधून दिलं, वर पहारेकरी दिले. आणि सुपामागे जमनामाईसाठी पडलेला प्रत्येक चिंचोका पांढरा निघू लागला. माईवर काठी उगारली तर काठी मोडायची. माईने डोळे मिटून खाडीत उडी घेतली तर खाली होडी असायची.

त्यांचा दोष नव्हता हो. तिघांचाही जीव होता तिच्यावर. देवेश घरी एकटा असताना म्हणे मांजरीपाशी रडला होता. पण जीव असलेली माणसं जो घोटाळा करतात तोच यांनी केला: तिला हरायची बंदी केली. संगिताला घरी जाताना टमटममध्ये रडू यायचं. पुढचे दोन-तीन रविवार तिने तो पांढरा पाऊस सोसला. गाणं म्हणायला लागली तर कोणाचे डोळे मिटेनात. सगळे तिला दम लागतोय का ते बघत राहिले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेठाणीने जाहीर केलं, की यापुढे किल्ल्यातलं पहिलं रक्त माईला. रश्मी हे हसतमुखाने बोलली. संगिताने उशी बाजूला सारली आणि ताठ बसली.

‘जमनामाई उभी राहते,’ ती म्हणाली. ‘भर पंचायतीत सांगते. कीव करून दिलेलं आमच्या पंथाला चालत नाही. आणि गेले काही दिवस मी माझ्या माणसांना दुसरं काही पाजलेलंच नाही. ह्याचं प्रायश्चित्त मीच घेणार. मी उद्या पहाटे नरपडला वाळूवर बसणार. पहिलं ऊन पडेपर्यंत उठणार नाही. ऊन पडलं की चालत सुरूच्या सावलीत जाणार. पोचले तर पोचले.’

‘माई, ऊन आहे ते,’ देवेश चाचरला. ‘जळून राख. एवढं कशाला? त्यापेक्षा उपास कर ना एखादा.’

‘माई उन्हात बसते. आणि देवेश, ते सूप उचल.’

‘अगं, पण...’

‘उचल सूप. सगळ्यांसमोर टाक.’

तिचा आवाज चढला नव्हता, पण मनिषने मुकाट्याने हातातली शेंग खाली ठेवली. देवेशने सूप उचलून चिकूच्या बुंध्याला टेकवलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. झाकलेला देव एकदम उघड्यावर आला की कसा दिसतो, तसा दिसत होता. चिंचोके सात घेतले. चार पांढरे पडायला हवेत, नाही तर दोन वर्षांची जमनामाई संपली. संगिताचं काळीज धडधडत होतं, आणि गेल्या महिनाभरात ते पहिल्यांदाच नीट धडधडतंय असं तिला वाटलं.

देवेशने मूठ उघडली. चिंचोके चटईवर पसरले आणि थांबले. चार पांढरे, तीन काळे.

‘पोचली!’ मनिष ओरडला. देवेशने डोळे मिटून श्वास सोडला.

आणि जमिनीखालून घर्रर्र करत काही तरी गेलं. घरात भांडी वाजली, झोपाळ्याची कडी किणकिणली, चिकूची दोन पानं खाली आली. काकू ‘बाहेर या, बाहेर या’ म्हणत स्वतःच बाहेर आल्या. धक्का लहान होता. आला आणि गेला. सगळ्यांनी सवयीने छपराकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग चटईकडे. चटईच्या सुरकुतीवर टेकलेला एक चिंचोका उलटला होता. आता तीन पांढरे होते आणि चार काळे.

‘हे धरायचं नाही,’ देवेश घाईघाईने म्हणाला. ‘आधी पडले ते खरे.’

‘करेक्ट,’ मनिष म्हणाला. ‘भूकंपाला काय खेळ कळतो? नाय तर परत टाक ना बाबा, परत टाक.’

संगिताला ही सूट नको होती, पण बोलून उपयोग नव्हता. ‘मारा मला’ असं आपण सांगायचं आणि मग त्यांनी मारायचं, म्हणजे तीही मेहेरबानीच. तिने रश्मीकडे बघितलं. रश्मी चटईकडे बघत होती. आता हीसुद्धा हसून ‘जाऊ दे गं’ म्हणाली, की पुढच्या रविवारपासून आपण इथे यायचं नाही, हे संगिताने त्या क्षणी ठरवून टाकलं. शाळा आहे, पाडा आहे, जपणारी माणसं आहेत. आणखी एक अंगण त्यात कशाला?

रश्मीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. ती संगिताकडे बघत राहिली, खूप वेळ, आणि मग तिचा चेहरा हळूहळू शेठाणीचा झाला. हनुवटी वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

‘खेळ चालू होता,’ ती म्हणाली. ‘चिंचोके चटईवरच आहेत, कोणी हात लावलेला नाही. चार काळे. माई जळाली.’

‘रश्मी!’ मनिष म्हणाला.

‘आणि मागच्या दाराशी ते देवघर आहे ना, ते उद्याच्या उद्या पाडा. मला तिथे घोडे बांधायचेत.’

काकूंना काही कळलं नाही. संगिताने देवेशकडे बघून मान हलवली: सांग.

आणि देवेशने सांगितलं. हातचं राखून काही ठेवलं नाही. ओहोटीची वाळू आधी राखाडी होती, मग मोतिया, मग गुलाबी. माई उठली. तिला चिंचणीकडच्या होड्या दिसल्या, त्यांचे रंग दिसले. निळा असा असतो हे ती विसरून गेली होती. बोटांची टोकं आधी गेली, धुरासारखी, न दुखता. सुरूची सावली समोर होती, हात लांब केला असता तर लागली असती. माई धावली नाही. ती चालत राहिली, आणि चालता चालता तिच्यातलं चालणं तेवढं शिल्लक राहिलं, आणि मग पाणी परत यायला लागलं.

चिकूखाली दुपार होती, पण बराच वेळ ती कोणाला दिसत नव्हती. मनिषचे डोळे मिटले होते.

संगिता रडायला लागली. हमसून हमसून, तोंडावर हात न धरता, जमनामाईसाठी, जिला तिने दोन वर्षं अंगावर वागवलं होतं आणि जी आता कुठेच नव्हती. काकू पुढे झाल्या तर देवेशने त्यांना हाताने थांबवलं. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि तिने बसल्या जागेवरून रश्मीच्या दंडावर एक जोरदार फटका दिला.

‘हलकट आहेस तू.’

‘आहेच,’ रश्मी म्हणाली आणि तिनेही तितकाच जोरात परत दिला.

दंड चांगलाच झोंबला. संगिता तो चोळत राहिली. तिला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

‘पुढच्या रविवारी येते,’ ती म्हणाली. ‘दुसरी कोणी तरी होऊन.’

‘ये ना,’ रश्मी नाक पुसत म्हणाली. ‘तिलाही मारीन.’